राळेगणसिद्धीत राहून काम करायचं असेल तर

पदवीची परीक्षा संपली की काही मुलं-मुली ठरवतात, नोकरीला चिकटण्याआधी सहा महिने किंवा वर्षभर एखाद्या गावात राहून काम करायचं. कुणाला पाणलोटाचं काम शिकायचं असतं, कुणाला शाळेत शिकवायचं असतं, कुणाला बचत गटांबरोबर राहायचं असतं. महाराष्ट्रात अशा वेळी राळेगणसिद्धीचं नाव हमखास पुढे येतं. निर्णय चांगलाच आहे. पण गावात एक दिवस पाहुणा म्हणून जाणं निराळं आणि तिथं बिऱ्हाड मांडून काम करणं निराळं. बिऱ्हाड मांडणाऱ्यांनी काय तयारी करावी, पहिले काही आठवडे कसे काढावेत आणि कोणतं काम हाती घ्यावं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. गावाचं काम गाव करतं, स्वयंसेवक त्याला हातभार लावतो. हे ज्याला पटलं तो गावात रुजतो. ज्याला पटत नाही तो कितीही हुशार असला तरी वर्षअखेर एक अहवाल लिहून परत जातो आणि गावात त्याचं काही उरत नाही.

गावाचा इतिहास आधी वाचा

राळेगणसिद्धी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा टापू. वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. १९७०च्या दशकात इथली बहुतेक शेती कोरडवाहू होती, पोटापुरतं धान्यही पिकत नव्हतं आणि हातभट्ट्यांचा धंदा जोरात होता. किसन बाबूराव हजारे, म्हणजे अण्णा, सैन्यातली नोकरी संपवून १९७५ साली गावी परतले तेव्हाचं चित्र हे असं होतं.

त्यांनी पहिलं काम कोणतं घेतलं, याकडे नीट लक्ष द्या. त्यांनी बंधाऱ्यापासून सुरुवात केली नाही. भविष्य निर्वाह निधीचे जे पैसे हाती आले होते, ते लावून त्यांनी संत यादवबाबांच्या पडक्या मंदिराची दुरुस्ती केली. मंदिर साऱ्या गावाचं होतं. तिथं माणसं जमू लागली, हातभार लावू लागली, बोलू लागली. दारूबंदी, श्रमदान, नालाबांध हे सगळं त्यानंतर आलं. पाणलोटाचं कामही त्यांनी मनानं रचलं नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभारलेली पाणी पंचायत त्यांनी आधी पाहिली, समजून घेतली. गावच्या माणसालाही लोकांच्या आस्थेच्या जागेपासून सुरुवात करावी लागली आणि दुसऱ्याकडे जाऊन शिकावं लागलं. मग बाहेरून येणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात योजना मांडण्याची घाई कशासाठी करायची?

श्रमदान, नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही पंचसूत्री, १९८०च्या सुमाराची धान्य बँक, नापास मुलांना सामावून घेणारी शाळा आणि १९९२ साली सुरू झालेली राज्य सरकारची आदर्श गाव योजना यांबद्दलही वाचून या. त्याचबरोबर टीकाही वाचा. दारूबंदीच्या सुरुवातीच्या काळात पिणाऱ्यांना झालेली शिक्षा, गावातल्या निर्णयांवरचा एका व्यक्तीचा प्रभाव आणि दलित कुटुंबांचं गावातलं स्थान यांवर अभ्यासकांनी परखडपणे लिहिलं आहे. दोन्ही बाजू ठाऊक असलेला स्वयंसेवक भारावूनही जात नाही आणि तोऱ्यातही वागत नाही.

येण्यापूर्वी काय ठरवून घ्यावं

कुणाच्या आधारानं येणार आहात ते आधी पक्कं करा. गावातली एखादी संस्था, शाळा, ग्रामपंचायत किंवा तुमचं महाविद्यालय, कुणाचं तरी लेखी पत्र हवं. त्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुदत किती, काम कोणतं, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार आणि गावात तुम्ही कुणाला विचारून काम करणार. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा मोघम राहतो आणि पुढचे निम्मे गैरसमज तिथूनच होतात.

पुणे-नगर महामार्गावर वाडेगव्हाणला उतरलं की आत पाच-सहा किलोमीटरवर गाव आहे. मोठ्या खरेदीसाठी शिरूर, सुपे आणि पारनेर ही जवळची ठिकाणं. सोबत कमीत कमी सामान ठेवा: सुती कपडे, मजबूत बूट, टोपी, चांगली बॅटरी, पाण्याची मोठी बाटली, पॉवर बँक, नेहमीची औषधं आणि एक जाड वही. धनुर्वाताची लस घेऊन या. दुचाकी आणणार असाल तर तिची कागदपत्रं आणि हेल्मेटही आणा.

एक गोष्ट मात्र घरीच ठेवून या. राळेगणच्या दुकानांत दारूच काय, विडी, सिगारेट आणि तंबाखूही विकायची नाही, असं गावानं ठरवून पाळलं आहे. बाहेरून आणून गुपचूप ओढणाऱ्या स्वयंसेवकाची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळ्यांत पोचते आणि त्यानंतर त्याच्या कुठल्याही बोलण्याला वजन उरत नाही.

खोली गावातच घ्या

शिरूरला किंवा पुण्याला राहून रोज येण्याजाण्याचा मोह टाळा. गाव कळतं ते सकाळी सहाला आणि रात्री आठला. त्या दोन्ही वेळांना तुम्ही गावात असायला हवं. संस्थेच्या वसतिगृहात सोय असेल तर उत्तम. नसेल तर ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी किंवा आशाताई यांच्यामार्फत खोली शोधा. एकट्या मुलीनं एखाद्या कुटुंबाच्या घरात किंवा दुसऱ्या स्वयंसेविकेबरोबर राहावं. त्यात सुरक्षितता आहे आणि त्याहून मोठा फायदा असा की घरातल्या बायकांशी रोजचं बोलणं होतं.

खोली ठरवताना पाणी किती वाजता येतं, पिण्याचं पाणी कुठून भरायचं, शौचालय वेगळं आहे की सामाईक, भारनियमनाच्या वेळा कोणत्या आणि पाहुणे आले तर चालेल का, हे मोकळेपणानं विचारून घ्या. भाडं पहिल्या तारखेला, न मागता द्या. घरमालक भाडं नको म्हणाले तरी आग्रहानं द्या. फुकट राहणारा माणूस नकळत त्या घराचा होतो आणि गावातल्या दुसऱ्या गटाला परका होतो.

जेवणाचं म्हणाल तर बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी, हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे हे इथलं रोजचं अन्न. ताटात येईल ते मनापासून खा. पथ्य असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे कुणाचा अवमान होत नाही. एकादशी, श्रावण, हरिनाम सप्ताह हे दिवस घरोघर पाळले जातात. तुमची श्रद्धा असो वा नसो, सप्ताहात पंगतीला वाढायला उभे राहा. शेजारच्या पिंपळनेरला तुकोबांचे शिष्य संत निळोबाराय यांची समाधी आहे. वारकरी वळण या सगळ्या परिसरात खोल गेलेलं आहे आणि सामूहिक श्रमाची सवयही त्या वळणाशी जोडलेली आहे.

पहिला महिना: ओळखी, कान आणि पाय

राळेगणला देशभरातून माणसं येतात. अधिकारी येतात, विद्यार्थी येतात, पत्रकार येतात. सगळे प्रश्न विचारतात आणि निघून जातात. त्यामुळे हातात प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडणाऱ्या नव्या माणसाचा इथं कंटाळा आहे. पहिल्या महिन्यात एकही फॉर्म भरून घेऊ नका.

त्याऐवजी चाला. गावठाण, वाड्या, वस्त्या, माथ्यावरची झाडी, ओढे, पाझर तलाव, विहिरी हे सगळं पायी पाहा. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, अंगणवाडी सेविका यांना स्वतः जाऊन भेटा आणि आपण कोण, किती दिवस आहोत, ते दोन वाक्यांत सांगा. मुख्य रस्त्यावरची घरं झाली की थांबू नका. मागासवर्गीय वस्तीत आणि मळ्यात राहणाऱ्या मजूर कुटुंबांकडेही त्याच आठवड्यात जा. आधी कुणाच्या ओट्यावर बसलात, कुणाच्या घरचं पाणी प्यायलात, हे गाव बारकाईनं पाहतं. कर्ज थकलेल्या दलित कुटुंबांच्या जमिनी गावानं श्रमदानानं पिकवून ते कर्ज फेडल्याचा इतिहास याच गावाचा आहे. तो केवळ भाषणापुरता ठेवायचा नसेल तर आपल्या पायांनी त्या वस्तीची वाट धरली पाहिजे.

माणसांना भेटण्याची उत्तम जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळी आणि संध्याकाळी धार काढून झाली की शेतकरी किटली घेऊन तिथं येतात. दहा मिनिटं उभं राहिलं की कुणाची गाय आटली, कांद्याला काय भाव लागला, कुठल्या विहिरीचं पाणी खाली गेलं, सगळं कळतं. दुसरी जागा मंदिराचा ओटा आणि तिसरी शाळेची सुटण्याची वेळ.

बोलताना नात्यानं बोला. वयस्कर पुरुषांना तात्या, आप्पा, नाना किंवा बाबा, बायकांना मावशी, काकू, अक्का, बरोबरीच्यांना भाऊ, ताई, वहिनी. ज्याला गाव जी हाक मारतं तीच तुम्ही मारा. नुसतं 'अण्णा' म्हटलं की या गावात ते एकाच माणसाला लागू होतं, हे ध्यानात ठेवा. 'सर' आणि 'मॅडम' शाळेपुरते असू द्या.

शेतीचं वेळापत्रक ते तुमचं वेळापत्रक

मृगाचा पाऊस झाला की जून-जुलैमध्ये बाजरी, मूग, वाटाण्याच्या पेरण्या चालतात. परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी अवलंबून असते. कांद्याची लागण आणि काढणी तर सगळं घर खेचून घेते. अशा दिवसांत बैठक बोलावली आणि कुणी आलं नाही, तर लोकांना आस्था नाही असा निष्कर्ष काढू नका. चूक वेळेची असते. त्या दिवशी वही बाजूला ठेवा आणि कांदा काढायला वावरात जा. दोन तासांत तुम्हाला मजुरीचे दर, बियाण्याचा खर्च आणि घरातल्या बाईचे कामाचे तास कळतील. ते कुठल्याही बैठकीत कळत नाहीत.

बैठका घ्यायच्या त्या संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर, जेवणाच्या आधी किंवा नंतर, लोक सांगतील त्या वेळी. बायकांची बैठक मात्र दुपारी ठेवा. मृद् आणि जलसंधारणाची श्रमदानं रब्बीची पिकं निघाल्यावर, मार्च ते मे या काळात सोयीची. ती पहाटे लवकर सुरू करावीत आणि ऊन चढण्याआधी थांबवावीत.

काम कोणतं घ्यावं

नव्या माणसानं मोजमापाचं काम घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते काम कुणाच्या आड येत नाही, त्यातून गाव शिकता येतं आणि त्याचा उपयोग गावालाच होतो. काही ठरावीक विहिरींची पाणीपातळी महिन्यातून एकदा मोजा. पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी ठरल्या वेळी घ्या. कोणत्या बांधात गाळ साठला, कुठला सलग समतल चर बुजला, कुठे भराव खचला, याची यादी करा. हिशेब सोपा आहे: १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. म्हणजे ४५० मिलिमीटर पावसात हेक्टरी ४५ लाख लिटर. त्यातलं किती वाहून गेलं, किती मुरलं आणि किती पिकांनी घेतलं, याचा ताळेबंद गावापुढे मांडता आला तर पीक कोणतं घ्यायचं ही चर्चा नेमकी होते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं असा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रूढ केली. जवळच आहे, सवड काढून ते गावही पाहून या.

हे मोजमाप एकट्यानं करू नका. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना बरोबर घ्या. विहिरीच्या काठावर मोठं माणूस सोबत हवंच. आकडे फळ्यावर लिहा, मंदिरापाशी लावा. तुम्ही गेल्यावरही मुलं नोंदी घेत राहिली तर तुमचं वर्ष सत्कारणी लागलं.

टाळण्याची कामंही सांगतो. बाहेरून देणग्या मिळवून वस्तू वाटू नका. घेणाऱ्यांत आणि न मिळालेल्यांत वितुष्ट येतं आणि श्रमदानानं उभ्या राहिलेल्या गावाला हात पसरण्याची सवय लागते. ज्या यंत्राची दुरुस्ती गावात किंवा शिरूरला होत नाही ते बसवू नका. सरकारी कामाचा ठेकेदार, भावकीतली जमीन आणि निवडणूक या तीन विषयांत मध्यस्थी करू नका. कुणाला उसने पैसे देऊ नका आणि कुणाचे घेऊ नका. लोकांचे फोटो विचारून काढा, आणि ते समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी पुन्हा वेगळं विचारा.

ग्रामसभेत तुमची जागा

राळेगणमधले मोठे निर्णय ग्रामसभेत झाले, म्हणून ते टिकले. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना त्या घेण्याची पद्धत आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल तेवढे हजर लागतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. गावातला कोणताही प्रस्ताव पुढे न्यायचा असेल तर आधी महिला सभेत त्यावर बोलणं होऊ द्या. पाणी भरणं, जळण, जनावरं यांचा भार बायकांवर असतो आणि योजनेतली अडचण त्या नेमकी दाखवतात.

तुम्ही गावचे मतदार नाही. ग्रामसभेत मागे बसा, टिपणं घ्या, विचारलं तरच बोला. तुम्हाला सुचलेली गोष्ट गावातल्या कुणाला मनापासून पटली तर ती त्यांनी मांडावी. कुणालाच पटली नाही तर ती सोडून द्या. ठराव लिहिण्यात, अर्ज तयार करण्यात, माहिती अधिकारातली उत्तरं वाचून दाखवण्यात मात्र मदत करा. ज्या गावातून माहितीच्या अधिकाराची चळवळ राज्यभर गेली, तिथं कागद वाचता येणाऱ्याची किंमत आहे.

तब्येत आणि सुरक्षितता

पाणी उकळून किंवा गाळून-शुद्ध करून प्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार उन्हात काम करू नका. रात्री बॅटरी आणि बूट याशिवाय बाहेर पडू नका. या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी साप आहेत. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता तडक प्रतिविष मिळणारं रुग्णालय गाठा. असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे पहिल्याच आठवड्यात आशाताईंना विचारून वहीत लिहा. कुत्रा चावला तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जुन्नर, शिरूर, पारनेर या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर उसाच्या किंवा मक्याच्या कडेनं एकट्यानं जाऊ नका. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पाठ असू द्या.

शरीराइतकंच मनाकडेही लक्ष हवं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बऱ्याच जणांना एकटं वाटू लागतं. काम दिसत नाही, मित्र दूर असतात, आपण इथं कशाला आलो असं वाटतं. अशा वेळी एक उदाहरण आठवावं. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सनं १९६१ साली पहिले स्वयंसेवक आफ्रिकेत घानाला पाठवले. आजही ही संस्था परदेशी जाणाऱ्यांना कामावर घालण्याआधी सुमारे तीन महिने त्या देशातल्या कुटुंबात ठेवून तिथली भाषा आणि रीतभात शिकवते, मग दोन वर्षांचं काम सुरू होतं. आफ्रिकेतलं छोटं गाव असो की पारनेर तालुक्यातलं, रुजायला वेळ लागतो. तो वेळ कामातच धरायचा. आठवड्यातून एक दिवस स्वतःसाठी ठेवा. घरी फोन करा, वाचा, निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे पाहून या. महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस घरी जाऊन येण्यात कमीपणा नाही. त्रास वाढला तर संस्थेतल्या जबाबदार माणसाला वेळेवर सांगा.

निघताना

निघण्याच्या तयारीला शेवटचे दोन महिने द्या. तुमच्या हातातलं प्रत्येक काम गावातल्या एकेका माणसाच्या नावावर झालं पाहिजे. नोंदवह्या मराठीत, सुवाच्य लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत ठेवा. गावाबद्दल जो अहवाल लिहाल तो आधी गावात वाचून दाखवा, आक्षेप आले तर दुरुस्त करा. दुकानाची उधारी, खोलीभाडं, मागून आणलेली अवजारं यांचा हिशेब चुकता करा. जमलं तर ग्रामसभेत उभं राहून निरोप घ्या आणि काय झालं, काय राहिलं ते खरं सांगा. परत येण्याचं वचन पाळता येणार असेल तरच द्या.

गावाला तुमच्याकडून चमत्कार नको आहे. वेळेवर येणारा, खरं बोलणारा, अंगमेहनतीला न लाजणारा आणि घेतलेलं काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून जाणारा माणूस हवा आहे. तेवढी तयारी असेल तर पत्र लिहा, पिशवी भरा आणि या. या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी गावांत करण्यासारखं काम पडलेलं आहे.